रॉबिन्सन क्रूसो: सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना वाचून दाखवताना

निळीशाई

डॅनियल डिफोची 'रॉबिन्सन क्रूसो', म्हणजे जहाज फुटून ओसाड बेटावर अनेक वर्षं काढणाऱ्या माणसाची कादंबरी, झोपताना रोज थोडी थोडी वाचून दाखवायची, तर ती कशी, यासाठी हा धागा. मुलं सहा आणि आठ वर्षांची धरू. हाताशी मूळ इंग्रजी पुस्तक, वाचणारा मराठीत सांगत जाणार.

अडचणी आधीच मांडते. २५ एप्रिल १७१९ ला लंडनमध्ये हे पुस्तक आलं ते मोठ्यांसाठी. त्यात प्रकरणं नाहीत, सलग मजकूर आहे. शब्द साधारण एक लाख वीस हजार. मिनिटाला शंभर शब्द धरले तर वीस तास, म्हणजे रोज वीस मिनिटांप्रमाणे साठ रात्री. एवढा दम सहा वर्षांच्या मुलाला नसतो. शिवाय बेट लागायच्या आधी बापाचा उपदेश, यार्मथचं वादळ, मोरोक्कोतल्या साले बंदराच्या चाच्यांकडची गुलामी, ब्राझीलमधला मळा, एवढं सगळं येतं.

प्रश्न असे: सुरुवात कुठून? काय गाळायचं? झुरी (क्रूसोबरोबर गुलामीतून पळालेला पोरगा) आणि फ्रायडे (बेटावर पुढे त्याला भेटणारा माणूस) यांचं काय करायचं? आणि वाचनाच्या जोडीला हाताला काय काम द्यायचं?

---

वाचनालयवाले_आजोबा

सुरुवात लाटेपासून करा. ३० सप्टेंबर १६५९. अकरा माणसं जहाज सोडून छोट्या होडीत उतरतात, डोंगराएवढी लाट येते, होडी उलटते आणि एकटा क्रूसो किनाऱ्याला लागतो. पहिल्या रात्री इतकंच सांगायचं. पण दोन तपशील अजिबात सोडू नका. एक, त्याच्या खिशातल्या वस्तू: एक चाकू, चिलीम आणि डबीत थोडी तंबाखू. बस. दुसरा, त्याच्या सोबत्यांचं नंतर त्याला काय दिसलं: तीन हॅट, एक टोपी आणि दोन बूट, तेही एका जोडीचे नाहीत. दहा माणसं बुडाली हे मुलाला आकड्यात कळत नाही, जोड नसलेल्या दोन बुटांत कळतं. इथे आवाज खाली घ्या आणि थांबा.

ती रात्र तो काटेरी झाडावर बसून काढतो. पहिला भाग तिथेच संपवा. मूल झाडावर झोपलेल्या माणसाचा विचार करत झोपतं.

दुसऱ्या दिवशी जहाज किनाऱ्याजवळ येऊन रुतलेलं दिसतं. सगळे जहाजावरच राहिले असते तर सगळे वाचले असते, हे क्रूसोला तेव्हा कळतं आणि तो रडतो. बऱ्याच संक्षिप्त आवृत्त्या हे वाक्य उडवतात, तुम्ही उडवू नका.

---

उत्तररात्र

आजोबांशी सहमत. फक्त एक भर. लाटेपासून सुरुवात केली तरी दोन-तीन रात्रींत मूल विचारतंच, "जहाज कुठे चाललं होतं?" त्याचं खरं उत्तर असं आहे: आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावर, माणसं विकत घेऊन ब्राझीलच्या मळ्यांवर कामाला जुंपायला. क्रूसोचं जहाज फुटलं ते याच फेरीत. "व्यापाराला चालला होता" असं म्हणून वेळ मारून नेलीत, तर पुढे फ्रायडे येतो तेव्हा तुमच्या हातात काहीच उरत नाही. सहा वर्षांच्या मुलाला दोन वाक्यं पुरतात: "माणसं विकत आणायला चालला होता. तेव्हा असं करत आणि ते फार वाईट होतं." बाकीचं ते विचारेल तेव्हा.

झुरीचा भाग आठच्या पुढे घ्या. क्रूसो स्वतः दोन वर्षं गुलाम होता. तो पळाला तेव्हा झुरी नावाच्या पोराने त्याला मनापासून साथ दिली. आणि त्याच झुरीला क्रूसोने पोर्तुगीज कप्तानाला चांदीच्या साठ नाण्यांना विकून टाकलं. ख्रिस्ती झाला तर दहा वर्षांनी मोकळा करीन, अशी कप्तानाची अट. पुढे मळ्यावर कामाला हात कमी पडू लागले तेव्हा क्रूसोला झुरीची आठवण येते. हे वाचून झालं की मुलाला एकच विचारायचं: "त्याला वाईट कशाचं वाटलं?" आठ वर्षांची मुलं नेमकं बोट ठेवतात, तुम्ही सांगायची गरज पडत नाही.

---

गणितमास्तर

मला या पुस्तकाचं बळ आकड्यांत वाटतं. लहान मुलाला वस्तू मोजायला आवडतात, क्रूसोही सतत मोजतो. म्हणून जहाजावरून सामान आणण्याच्या भागाला दोन पूर्ण रात्री द्या.

पहिल्या तराफ्यावरचं सामान: पाव, तांदूळ, डच चीजचे तीन गोळे, बकरीच्या सुकवलेल्या मांसाचे पाच तुकडे, मग सुताराची पेटी, दोन बंदुका, दोन पिस्तुलं, बंदुकीच्या दारूची तीन पिंपं (त्यातलं एक भिजलेलं). सावकाश, एकेक वस्तू घ्यायची. प्रत्येक वस्तूला "हे कशाला लागेल?" विचारायचं आणि शेवटी सुताराची पेटी आणि सोन्याचं जहाज यांतलं काय हवं ते विचारायचं. क्रूसो म्हणतो, त्या वेळी सोन्याने भरलेल्या जहाजापेक्षा ती पेटी मोलाची होती. पुढच्या एका फेरीत त्याला सुमारे ३६ पौंडांची नाणी सापडतात. तो त्या पैशाला नावं ठेवतो, तुझा काय उपयोग म्हणतो, आणि तरी बरोबर घेतो. मुलं इथे हमखास वाद घालतात. घालू द्या.

तेरा दिवसांत अकरा फेऱ्या. बारावी फेरी झाली त्या रात्री वादळ, सकाळी जहाज नाहीसं.

आता दिनदर्शिका. तो एका मोठ्या खांबावर रोज एक खाच पाडतो, सातवी खाच दुप्पट लांब, महिन्याच्या पहिल्या दिवसाची त्याच्याही दुप्पट. घरी करायचं तर जाड पुठ्ठ्याची ४० सेंटीमीटर लांब, ५ सेंटीमीटर रुंद पट्टी घ्या. एका कडेला १ सेंटीमीटर अंतराने पेन्सिलीच्या खुणा मारून ठेवा आणि रोज वाचनाआधी कात्रीने एक खाच. साधी अर्धा सेंटीमीटर, सातवी एक, महिन्याची दोन. दोन्ही कडांना खाचा पाडल्या तर पट्टी मधोमध मोडते, म्हणून एकच कड वापरायची. लाकूड आणि चाकू या वयात नको.

एखाद्या दिवशी खाच राहून गेली तर भरून काढू नका. क्रूसोचाही हिशोब चुकला आहे. तापात तो बेशुद्धासारखा झोपला आणि एखादा दिवस कुठे गेला ते त्याला पुढे कळलंच नाही.

आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी शेवटचं गणित राखून ठेवा. बेट सोडलं १९ डिसेंबर १६८६ ला. पुस्तक म्हणतं, २८ वर्षं, २ महिने, १९ दिवस झाले. आता पाटीवर मांडा: ३० सप्टेंबर १६५९ ते ३० सप्टेंबर १६८६ ही २७ वर्षं. तिथून ३० नोव्हेंबर दोन महिने, १९ डिसेंबर एकोणीस दिवस. महिने-दिवस बिनचूक, वर्ष एक जास्त! तीनशे वर्षांपूर्वी छापलेल्या पुस्तकातली चूक आपण पकडली, हा आनंद मुलाला मिळू द्या. उत्तर आधी सांगून टाकू नका.

सत्तावीस वर्षांच्या खाचा जवळपास दहा हजार होतात. एक सेंटीमीटरप्रमाणे शंभर मीटर. मैदानात शंभर मीटर चालून दाखवा, म्हणजे "खूप वर्षं" म्हणजे किती ते पायाला कळेल.

---

निळीशाई

मास्तर, सुंदर. वादळानंतर रोजनिशी सुरू होते तिथे मात्र गाडी अडते. ऐकलेलंच पुन्हा येतं.

---

वाचनालयवाले_आजोबा

ताई, ते खरंच पुन्हा येतं. क्रूसो आधी सगळं सांगतो, मग "ही माझी रोजनिशी" म्हणून जहाज फुटण्यापासून तेच नोंदींमध्ये देतो. वाचून दाखवताना ही मोठी खोच आहे. मूल "हे झालंय" म्हणतं आणि त्याचं लक्ष उडतं. रोजनिशीतून तीनच गोष्टी उचला: भूकंप, ताप आणि धान्य. बाकी सोडा. शाई संपत आली तेव्हा तो पाणी घालून घालून ती पुरवतो, इतकी की कागदावर अक्षर दिसेनासं होतं, हे मात्र जरूर सांगा.

धार्मिक चिंतनाची पानं सहा-सातला ओलांडून जा. त्यातून एकच तुकडा घ्या, त्याने कागदावर केलेले दोन रकाने: एकीकडे वाईट काय, समोर चांगलं काय. "ओसाड बेटावर येऊन पडलो" याच्यासमोर "पण मी जिवंत आहे". शाळेतल्या खराब दिवसानंतर मूल तसे रकाने स्वतः काढू शकतं.

---

शेतीवाडी

धान्याच्या भागाबद्दल मी लिहितो, कारण तिथे सगळ्यात जास्त गाळलं जातं आणि पुस्तकाचा जीव तिथे आहे.

कोंबड्यांच्या दाण्याच्या पिशवीत उरलेला कोंडा तो कुंपणाच्या कडेला झटकतो. पुढे पाऊस पडतो. महिनाभराने कोंब दिसतात, मग सातूच्या (म्हणजे जव, बार्ली) दहा-बारा लोंब्या आणि जरा बाजूला भाताची रोपं. आधी त्याला देवाचा चमत्कार वाटतो, मग पिशवी झटकल्याचं आठवतं. तो दाणे खात नाही, जपून ठेवतो. पहिली पेरणी करतो ती कोरड्या ऋतूच्या तोंडावर आणि ती साफ वाया जाते. पण त्याने बियाण्याचा साधारण दोन तृतीयांशच भाग पेरला होता, मूठ-मूठ मागे ठेवलं होतं. त्या मुठीने तो वाचला. मग त्याने पावसाचे महिने नोंदले: फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत पाऊस, ऑगस्टच्या मध्यापर्यंत कोरडं, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पुन्हा पाऊस, मग पुन्हा कोरडं. आपल्याकडचा चार महिन्यांचा पावसाळा माहीत असलेल्या मुलाला दोन पावसाळ्यांचं बेट हे मोठं नवल आहे.

घरी पेरायचं तर 'सातू' मागा. दुकानात तीन घोटाळे होतात. 'जवस' देतात, तो वेगळा. सातूचं पीठ देतात, त्याचा उपयोग नाही. आणि पांढरा, घासून गुळगुळीत केलेला सातू देतात, तो उगवत नाही, कारण पॉलिश करताना अंकुरही जातो. पूजेच्या सामानाच्या दुकानात हवनासाठी 'जव' मिळतात. टरफलासकट, तपकिरी, टोकदार दिसले तर घ्या. आठ इंची कुंडीत पंधरा-वीस दाणे, दोन सेंटीमीटर खोल. पाणी हाताने शिंपडा, धार सोडली तर दाणे एका कोपऱ्यात गोळा होतात. चार-सहा दिवसांत कोंब.

पेरणी ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात करा. सातू हे रब्बीचं पीक, लोंब्या धरायला थंडी लागते, तीन-चार महिने जातात. एप्रिलमध्ये पेराल तर कोंब येतील, पात वाढेल आणि उन्हाने पिवळी पडेल. पण सुट्टीत वाचन असेल तर मुद्दाम एप्रिलमध्येही अर्धे पेरा आणि अर्धे डबीत ठेवा! क्रूसोची चूक मुलाच्या कुंडीत घडेल, आणि डबीतले दाणे थंडीत कामाला येतील. चिमण्या कोंब खुडतात. त्याच्याही पिकावर पाखरं तुटून पडली होती, त्याने तीन मारून टांगली. लहानांना 'बुजगावणं केलं' एवढं पुरे.

---

शब्दवेडी

शेतीवाडी, तुमच्या प्रतिसादावरून एक सुचलं. हा भाग इंग्रजीपेक्षा मराठीत जास्त खुलतो, कारण कामांना शब्द तयार आहेत: पेरणी, राखण, कापणी, मळणी, उपणणी, कांडण, चाळणं, भाजणं. क्रूसो पाव भाजेपर्यंत नेमका याच क्रमाने जातो. दळायला जातं नाही, बेटावरचा दगड ठिसूळ, पिठात वाळू उतरेल. म्हणून तो कठीण लाकडाचा ओंडका घेऊन त्याला आगीने आणि हत्याराने खळगा पाडतो, म्हणजे उखळच, आणि जड लाकडाचं मुसळ करतो. चाळणीला खलाशांचे गळ्याचे रुमाल. भाजायला चुलाण्यावर विटा तापवून त्यावर पाव ठेवायचा, वर मातीचं भांडं पालथं घालायचं आणि भोवती निखारे. ज्या घरात खापरावर किंवा तव्यावर झाकण ठेवून काही भाजतात तिथल्या मुलाला ही रचना लगेच दिसते.

परदेशात वाढणाऱ्या, मराठी कमी ऐकलेल्या मुलांसाठी सगळे शब्द एकदम टाकू नका. रात्रीला तीन नवे शब्द पुरे, आणि ते कृतीसह: सुपाऐवजी ताट हलवून पाखडून दाखवा, खलबत्त्यात मूठभर गहू कुटायला द्या.

आणखी काही शब्द हाताशी ठेवा, म्हणजे वाचता वाचता अडायला होत नाही: तराफा, डोलकाठी, शीड, वाकस (लाकूड तासायचं सुताराचं हत्यार), मेढेकोट (मेढी, म्हणजे जाड खुंट, रोवून केलेला कोट). क्रूसोचं घर हा अस्सल मेढेकोट आहे. खडकाला टेकून दहा यार्ड त्रिज्येचा अर्धा गोल, मेढींच्या दोन रांगा, उंची साडेपाच फूट, दार नाही. शिडीने आत जायचं आणि शिडी आत ओढून घ्यायची. अंगणात किंवा गच्चीवर खडूने तेवढा अर्धा गोल काढता आला तर काढा. जागा नसेल तर एक मीटर त्रिज्या घ्या आणि 'हे दहापट' सांगा.

---

मातीकाम

भांड्यांबद्दल. दोन महिने राबून क्रूसोला दोन मोठी, ओबडधोबड मडकी जमतात. काही स्वतःच्या वजनाने बसली, काही उन्हाने तडकली, काही उचलताना फुटली. ती दोनही फक्त कोरडं धान्य ठेवायच्या कामाची. मग एकदा चुलीत पडलेला खापराचा तुकडा दगडासारखा टणक आणि लाल झालेला दिसतो, आणि त्याला कळतं की भाजायला हवं.

हे करून दाखवायला शाडू माती उत्तम. लिंबाएवढा गोळा, अंगठ्याने खळगा, भिंत करंगळीएवढी जाड. अशा दोन वाट्या. एक उन्हात ठेवा, एक सावलीत, ओल्या फडक्याने झाकून, चार-पाच दिवस. उन्हातली बहुतेक वेळा तडकते, कारण कड आधी सुकते, तळ ओला राहतो आणि ताण पडतो. सावलीतली चांगली वाळली की तिच्यात पाणी ओता. काही वेळात तळ मऊ पडून बसतो. न भाजलेल्या मातीत पाणी का ठरत नाही हे मूल डोळ्यांनी बघतं. घरच्या गॅसवर भाजायच्या भानगडीत पडू नका, आत ओल राहिली असेल तर वाफेने भांडं फुटून तुकडे उडतात. शेजारी कुंभाराची पणती ठेवून त्यातही पाणी ओता, फरक दिसेल. पणतीवरून पुढचा भागही जोडता येतो. क्रूसो दिवा करतो तो उन्हात वाळवलेल्या मातीच्या बशीत बकरीची चरबी आणि दोरखंडाच्या धाग्याची वात घालून.

तराफा: आइस्क्रीमच्या दहा काड्या, दोन आडव्या, दोऱ्याने बांधलेल्या. डिंक वापरू नका, पाण्यात सुटतो. बादलीत सोडून एक रुपयाची नाणी एकेक करून ठेवा. मधे ठेवली तर किती राहतात, एका टोकाला किती, हे मोजा. पुस्तकात अगदी असंच होतं. तराफ्याचं एक टोक वाळूवर चढतं, सामान घसरू लागतं, आणि क्रूसो अर्धा तास पेट्यांना पाठ लावून उभा राहतो, भरती येईपर्यंत. पुढच्या एका फेरीत जड सामानाचा तराफा उलटतोच.

---

गणितमास्तर

होडी राहिली! संक्षिप्त आवृत्ती घ्यायची की नाही हे मी या एका प्रसंगावर ठरवतो. पुस्तक उघडून होडीचा भाग शोधा. नसेल तर ती आवृत्ती ठेवून द्या, किंवा तो भाग स्वतः सांगा.

देवदाराच्या जातीचं झाड, बुंध्याशी ५ फूट १० इंच जाड, २२ फुटांवर ४ फूट ११ इंच. तोडायला २० दिवस, फांद्या छाटायला १४, बाहेरून आकार द्यायला महिना, आतून कोरायला जवळपास तीन महिने. बेरीज मुलाला करू द्या, दीडशेच्या वर जाते. सव्वीस माणसं बसतील अशी होडी. आणि ती पाण्यापर्यंत हलत नाही. खाडी फक्त शंभर यार्डांवर, पण मधे चढ. चढ खणतो, तरी हलत नाही. कालवा खणायचा हिशोब करतो तर दहा-बारा वर्षं. होडी तिथेच पडून राहते.

पुढे तो लहान होडी करतो आणि तिच्यासाठी मात्र सहा फूट रुंद, चार फूट खोल कालवा अर्ध्या मैलाच्या आसपास खणून काढतो. दोन वर्षं लागतात. दोन्ही प्रसंग लागोपाठच्या रात्री घ्या.

गोष्ट पुढे सरकत नाही म्हणून संपादक असे प्रसंग काढतात. फळीचंही तेच. एका लांब फळीला ४२ दिवस, कारण करवतीने ओंडका चिरायला दुसरा माणूस नाही. अख्खं झाड दोन्ही बाजूंनी तासत तासत एकच फळी निघते. ही फळी काढून टाकलीत तर उरतं ते नुसतं पाऊलखूण आणि बंदुका.

---

उत्तररात्र

पाऊलखुणेबद्दल सूचना: ती रात्री वाचू नका. दुपारी वाचा. किनाऱ्यावर वाळूत एकच पाऊल, आजूबाजूला काही नाही. क्रूसो तीन दिवस-रात्री कोटाबाहेर पडत नाही. सहा वर्षांच्या मुलाला हा भाग लाटेपेक्षा जास्त भिववतो. नंतर तो परत जाऊन स्वतःचं पाऊल त्यात ठेवून बघतो, आणि ते लहान भरतं. परातीत पीठ किंवा ओली वाळू पसरून घरातल्यांची पावलं मापा, भीती उतरते.

पाऊल दिसतं पंधराव्या वर्षाच्या सुमारास. फ्रायडे येतो त्यानंतर जवळपास दहा वर्षांनी. छोट्या आवृत्त्यांमध्ये पान उलटलं की तो हजर! दहा वर्षं एक माणूस भीत जगला, हे निदान तोंडी सांगा.

आता फ्रायडे. मी 'रानटी', 'जंगली' हे शब्द वाचताना वापरत नाही. 'पलीकडच्या बेटांवरचे लोक' पुरेसं आहे. नरमांसाचा भाग सहाला 'कैद्यांना मारायला आणत' इथवर ठेवा. मोठ्यांना सांगता येतं की 'कॅनिबल' हा शब्दच कोलंबसाच्या काळात कॅरिब लोकांच्या नावावरून आला, आणि त्यांचे वंशज कालिनागो लोक आजही डोमिनिका बेटावर राहतात. पुस्तकातला एक उतारा मात्र नक्की वाचा. क्रूसो आधी त्या लोकांना मारायचे बेत करतो आणि मग थांबतो: यांनी माझं काय वाकडं केलं, न्याय करणारा मी कोण? स्पॅनिश लोकांनी अमेरिकेत केलेल्या कत्तलींशीही तो तुलना करतो. १७१९ च्या पुस्तकात हे आहे.

---

शब्दवेडी

नावाचा प्रश्न राहिला, फ्रायडे की शुक्रवार? मी म्हणेन, पहिल्यांदा 'शुक्रवार' म्हणा. त्या माणसाला आधीचं नाव असणार, ते क्रूसोने विचारलंही नाही. वाराचं नाव चिकटवलं आणि स्वतःला 'मालक' म्हणायला शिकवलं. 'फ्रायडे' ऐकून मुलाला ते विशेषनाम वाटतं, त्यामागचा वार दिसत नाही. 'शुक्रवार' ऐकून मूल लगेच विचारतं, "त्याचं खरं नाव काय?" तो प्रश्न यायलाच हवा.

त्याला जोड द्या. क्रूसोचंही नाव मूळचं नाही. बाप ब्रेमेनचा, आडनाव क्रॉइट्झनेर. इंग्रजांच्या तोंडी मोडून क्रूसो झालं. हे पहिल्याच पानावर आहे.

---

निळीशाई

'शुक्रवार' पटलं, पण पुढे 'शुक्रवारने शुक्रवारी' अशी वाक्यं होतील. एकदा उलगडा झाला की फ्रायडेवर यावं असं वाटतं.

प्राण्यांचं काय? पाळलेल्या प्राण्यांवर मुलांचा जीव जडतो.

---

वाचनालयवाले_आजोबा

कुत्रा जहाजावरून पोहत येतो, सोळा वर्षं सोबत राहतो आणि म्हातारपणाने जातो. हे सांगा, चांगला मृत्यू आहे. मांजरी दोन आणल्या, पुढे फार झाल्या तेव्हा त्याने काही मारल्या. सहाला 'हाकलल्या' म्हटलं तरी चालेल, काहींना तसंही हाकललंच होतं. करडाचा प्रसंग अवघड आहे. बकरी मारल्यावर करडू त्याच्या मागे कोटापर्यंत येतं, पण खातच नाही, शेवटी तो त्यालाही मारून खातो. हा सहाला गाळा. बकऱ्या पाळण्याचा भाग गाळू नका: अकराव्या वर्षी खड्डे खणून पकडल्या, दीड वर्षात बारा, आणखी दोन वर्षांत त्रेचाळीस.

पोपट मुलाच्या तोंडी द्या. क्रूसो होडीतून वाहवत जाऊन कसाबसा परततो, दमून झोपतो, आणि अंधारात कोणीतरी त्याला नावाने हाक मारतं: "बिचारा रॉबिन! कुठे होतास?" ही ओळ मुलाने म्हणायची, वाचणाऱ्याने नाही. आधीच ठरवून ठेवा.

शेवटी पिरेनीज पर्वतातले लांडगे आणि अस्वल येतात. अस्वलाला फांदीवर नाचवून मारतात, तो भाग नकोच. बेट सुटलं की थांबा.

---

उत्तररात्र

फ्रायडेचा एक प्रश्न राहिला म्हणून लिहिते. क्रूसो त्याला देव आणि सैतान शिकवतो. फ्रायडे विचारतो, देव इतका बलवान, तर तो सैतानाला मारून का टाकत नाही? क्रूसोला उत्तर येत नाही, तो ऐकू न आल्यासारखं करतो. शिकवणाराच अडला, ही जागा सातच्या पुढच्या मुलांना फार आवडते.

---

शेतीवाडी

"हे खरं घडलं का?" याचं उत्तरही तयार ठेवा. क्रूसो काल्पनिक. पण अलेक्झांडर सेलकर्क नावाचा स्कॉटिश खलाशी १७०४ ते १७०९, चार वर्षं चार महिने, चिलीच्या पश्चिमेला एका बेटावर एकटा होता. जहाज गळतंय, मी यात येणार नाही, असं भांडून तो स्वतः उतरला. ते जहाज पुढे खरोखर बुडालं. उंदीर रात्री पाय कुरतडत, म्हणून त्याने मांजरी माणसाळवल्या. त्या बेटाला १९६६ मध्ये रॉबिन्सन क्रूसो बेट असं नाव मिळालं. कादंबरीतलं बेट मात्र तिथे नाही, ते ओरिनोको नदीच्या मुखाजवळ, त्रिनिदादच्या बाजूला. नकाशात दोन्ही ठिकाणी टाचणी लावा. क्रूसो आपल्या बेटावर पेंग्विन बघितल्याचं लिहितो, ते उष्ण समुद्रात कसे, हे मुलांनाच विचारा.

---

निळीशाई

सगळ्यांचे आभार. या सगळ्यावरून सहा आणि आठसाठी चौदा रात्री धरते: लाट, तराफा आणि सामान (दोन), मेढेकोट आणि खाचा, भूकंप आणि ताप, धान्य (दोन), मडकी, मोठी होडी, लहान होडी आणि पोपट, पाऊल (दुपारी), फ्रायडे (दोन), सुटका. बकऱ्या मडक्यांच्या रात्री. झुरी आठवाल्यासाठी वेगळा, धाकटं झोपल्यावर. सातूचे अर्धे दाणे पहिल्याच दिवशी पेरायचे, म्हणजे धान्याच्या रात्रीपर्यंत कुंडीत कोंब असतील.

---

मातीकाम

मडक्यांच्या वाट्याही पहिल्या-दुसऱ्या दिवशीच करून ठेवा. पाणी ओतायचं त्या रात्री त्या पूर्ण वाळलेल्या हव्यात. ओलसर राहिल्या तर लगेच विरघळत नाहीत, प्रयोग फसतो.